कुलपाच्या आधी

१

माझी बहीण नलू लग्न होऊन भिलाईला आली ते साल १९६१. लग्न वैशाखात आमच्या गावी, तिरोड्याजवळ लागलं. त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गाच्या शेडमधून इंग्रजी परीक्षेचे पेपर गेले, आणि चोर म्हणून नाव निघालं ते नलूच्या नवऱ्याचं, तेजरामचं.

तेजराम आणि मी एकाच टोळीत खलाशी होतो. लोखंडी तुळया दोरखंडांनी बांधायच्या आणि क्रेनला इशारे देऊन वर चढवायच्या, हे आमचं काम. पण पोलाद कारखान्याचं बांधकाम सरत आलं होतं. दर पगाराला ठेकेदार दहा-पाच माणसं घरी पाठवत होता. क्रेन चालवायच्या परीक्षेत जो पास होईल तो कारखान्यात पक्का, बाकीच्यांनी गाडी धरायची. क्रेनवरचे इशारे आणि पाट्या इंग्रजीत होत्या, म्हणून कारखान्याच्या साहेबांनी आधी इंग्रजीचा पेपर ठेवला. तो घेणार होते आमचे शामसुंदर मास्तर. मास्तर अकोल्याचे. दिवसा टाइम ऑफिसात कारकून, पहिली पाळी सुटली की मजुरांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला शिकवायचे.

माझ्या आणि तेजरामच्या खोलीत फक्त तट्ट्याची भिंत होती. नवं जोडपं, पण पलीकडून ऐकू यायचं ते एवढंच: "गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन." मध्येच नलू म्हणायची, "जेवून घ्या नं आधी." आणि तेजराम ओरडायचा, "आधी म्हणू नको! त्या आधीनंच त जीव खाल्ला!"

तो 'आधी' म्हणजे मास्तरांचा पूर्ण भूतकाळ. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा वर्ग मला अजून दिसतो. मास्तर फळ्यापुढे उभे. आम्ही बाराजण खाली सतरंजीवर. कोपऱ्यात झिजलेला खराटा, फाटकी चटई आणि काठ उसवलेली एक टोपली.

"दोन गोष्टी घडल्या," मास्तर म्हणाले. "आधी घडली तिला हॅड, आणि क्रियापदाचं तिसरं रूप. नंतर घडली तिला साधा भूतकाळ. द क्रेन हॅड लिफ्टेड द बीम बिफोर द व्हिसल ब्लू. भोंगा वाजला, पण त्याच्या आधीच क्रेननं तुळई उचलली होती. सांग तेजराम, एक वाक्य."

तेजराम उठला. "आय हॅड ईटन."

"कशाच्या आधी?"

"कशाच्याच नाही. जेवलो होतो."

"मग हॅड कशाला? आय एट म्हण."

"पण मास्तर, आपण म्हणतोच नं, काल जेवलो होतो, परवा बाजारात गेलो होतो. होतो म्हणजे हॅड. तुमीच सांगतलं."

"मराठीत एकटं 'होतो' चालतं रे बाबा! इंग्रजीत हॅडला जोडीदार लागतो. दुसरी गोष्ट पाहिजे, नंतरची. ती नसेल तर हॅड लटकून राहतो."

"बरं. आय हॅड ईटन बिफोर... बिफोर आय हॅड गॉन."

"दोन्हीकडे हॅड!" मास्तरांनी खडू आपटला. "चार महिने झाले! चार महिने! दोन्ही आधी कसं होईल रे? गाडीला दोन्ही बैल पुढं अन् मागं कोणीच नाही?"

"गाडीले दोन्ही बैल पुढंच राहतात, मास्तर," चंपत मागून म्हणाला. सगळे हसले. चंपत फिटर होता, वयानं लहान, वर्गात त्याचं इंग्रजी बरं होतं.

तेजराम हसला नाही. त्यानं पाटी खाली आदळली. "एका गोष्टीले तीन-तीन रूपं, अन् त्यातलं बी आधीचं मागून अन् मागचं आधी! जाळून टाका म्हणा तुमचे पेपर!"

हे वाक्य बाराजणांनी ऐकलं.

२

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी सुटल्यावर आम्ही शेडपाशी जमलो. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दाराला नवं कोरं अलिगढी कुलूप होतं. त्याआधी शेडला नुसती कडी असायची. मास्तरांनी जानव्याला बांधलेली किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत गेले आणि लगेच बाहेर आले. चेहरा खडूसारखा.

"पेपर गेले," ते म्हणाले.

पेपरांचा पुडका त्यांनी पोळ्याच्या संध्याकाळी ऑफिसातून आणला होता. गोणपाटात गुंडाळलेला, वर लाखेचे शिक्के. तो शेडमध्ये ठेवला. सकाळी ऑफिसला जाता जाता बाजारातून कुलूप आणून दाराला लावलं. समोर देवाजी चौकीदार नुकताच कामावर येऊन बसला होता, त्याला सांगितलं, "इकडे कोणाला फिरकू देऊ नका." कुलूप जसंच्या तसं, तेलकट, एक ओरखडा नाही. मागच्या खिडकीला गज, त्यांतून हात जाईल, माणूस नाही.

"देवाजी, कोणी आलतं?"

"दारापाशी मुंगीबी नाई आली, मास्तर." देवाजीनं मान खाली घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मधल्या सुट्टीत खिडकीपाशी होता एकजण. गजातून हात आत घातला होता. मी हटकलं त पळाला."

"कोण?"

"तेजराम."

३

मास्तर साहेबांकडे निघाले होते. त्यांना भय्याजींनी थांबवलं.

भय्याजी पूर्वी गोंदियाला रेल्वे पोलिसात जमादार होते. आता कारखान्याच्या गोदामावर पहाऱ्याला होते आणि आमच्या ओळीतच राहत. जाड माणूस, बसल्याशिवाय बोलायचे नाहीत. शेडच्या उंबऱ्यावर बसले.

"साहेबाकडं गेले म्हणजे नाव गेलं," ते म्हणाले. "मंग ते परत येत नाही. दिवस बुडेपर्यंत थांबा, मास्तर. चंपत, ये इकडं."

चंपत आला. "मुझे काहे को बुलाया, भय्याजी? मैं तो दिनभर मिल में था."

"परवा म्हणत होता, असं कुलूप दोन मिनिटांत खोलतो."

"अरे वो तो ऐसेच बोला. अन् मले पेपर कायले पायजेत? मैं तो वैसेच पास हूँ." मग तेजरामकडे बघून म्हणाला, "ज्याले हॅड येत नाही त्याले विचारा."

तेजराम त्याच्या अंगावर धावला. मी मध्ये पडलो. भय्याजी जागचे हलले नाहीत. "शिंगं घासून झाली असतील त बसा," ते म्हणाले. "तेजराम, खिडकीत हात कावून घातला?"

"नाई सांगत."

"जवाईबापू, सांगा," मी म्हणालो.

"काय फायदा, सुखरामभाऊ? खरं सांगतलं त हासतील."

"सांग," भय्याजी म्हणाले. "चोर म्हणण्यापेक्षा हासलेले बरे."

तेजरामनं खिशातून नलूचा हातातला आरसा काढला. पत्र्याची चौकट, मागं मोराचं चित्र. "आत अंधार होता. फळ्यावर परवाचे वाक्य होते, दाराले कुलूप. हात आत घालून आरशानं ऊन फळ्यावर पाडत होतो. चार वाक्यं पाठ केली, तेवढ्यात देवाजीकाका बोंबलले."

चंपत खरंच हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. "कोणती वाक्यं?"

तेजरामनं डोळे मिटून चारही म्हटली. एकाही हॅडची जागा चुकली नाही. फळ्यावर तीच होती. पण मास्तरांचा चेहरा पालटला नाही. "फळा पाहिला असशील. म्हणून पुडका घेतला नाही असं होत नाही. पुडका गजातून निघतो."

हे खरं होतं. खोलीच्या दारात नलू उभी होती. तिला तिथूनही आमचे चेहरे दिसत असणार.

४

भय्याजी उठले आणि शेडमध्ये गेले. आत फार वेळ होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात खराटा होता, नवा, हिरवट काड्यांचा.

"मास्तर, पुडका कुठं ठेवला होता?"

"कोपऱ्यात."

"कोपऱ्यात म्हणजे कशात?"

"कोपऱ्यात म्हणजे कोपऱ्यात. काय उलटतपासणी लावली आहे तुम्ही?"

"मास्तर, एका पोराची भाकर चालली आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "शेडमधल्या पेटीची कडी तुटलेली. चंपतसारखे हात घालणारे. मी म्हटलं, चांगल्या जागी ठेवलं तर कोणीही शोधील. म्हणून त्या उसवलेल्या टोपलीत ठेवला, वर फाटकी चटई टाकली. परीक्षेचे पेपर कचऱ्यात ठेवले असं साहेबांपुढे कोणत्या तोंडानं सांगू?"

"टोपली आत नाही," भय्याजी म्हणाले. "चटई बी नाही. तेजराम, आरशाचा उजेड कोपऱ्यात पडला होता का?"

"हात हालला तेव्हा पडला."

"काय दिसलं?"

"खराटा. हाच, नवा."

"टोपली?"

तेजरामनं आठवून बघितलं. "नाई. टोपली नव्हती. भिंत दिसली साफ."

"आता ऐका," भय्याजी परत उंबऱ्यावर बसत म्हणाले. "पुडका गजातून निघतो. टोपली निघत नाही. दारानं गेली म्हणावी त कुलूप साबूत अन् देवाजी समोर बसून. देवाजी, मास्तर कुलूप लावून गेल्यावर उठला होतास?"

"लघवीले बी नाई."

"म्हणजे कुलूप लागल्यावर टोपली निघालीच नाही. मास्तर, कुलूप लावताना आत पाहिलं होतं?"

"भोंगा वाजत होता... बाहेरूनच लावलं."

"म्हणजे तुमी रिकाम्या शेडले कुलूप लावलं. पेपर त्याच्या आधीच गेले होते. दुपारपासून आपण विचारून राहिलो, कुलूप लागल्यावर कोण आलं? विचारायचं होतं, लागायच्या आधी कोण आलं?" त्यांनी खराटा उभा धरला. "अन् चोर असता त पुडका काढून टोपली टाकून गेला असता. हा टोपली, चटई, जुना खराटा, सगळं घेऊन गेला अन् जागेवर नवा खराटा ठेवून गेला. असा चोर गोंदियाच्या ठाण्यात मी कधी पाहिला नाही."

आणि ते ओरडले, "गयाबाई! ओ गयाबाई!"

५

गयाबाई शेड झाडायची. नवरा गावीच वारला होता, पदरी रमा नावाची पोरगी. रमाला पावसाळ्यापासून खोकला धरला होता. ती खोकायची तेव्हा आमच्या ओळीतली माणसं बोलता बोलता थांबायची.

गयाबाई पोरीला कडेवर घेऊन आली.

"मावशी, पेपर पाहिले का?" मास्तरांनी विचारलं.

"नाई जी. मले कागदाचं काय समजते?"

"तसं नाई विचारायचं," भय्याजी म्हणाले. "बाई, आज पहाटे शेडमधून काय-काय नेलं?"

गयाबाईनं तोंडावर पदर धरला आणि गप्प राहिली.

मास्तरांना कळेना. त्यांच्या वऱ्हाडात ही रीत नाही. आमच्या भंडाऱ्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत काढतात. घरातला झिजलेला खराटा, फाटकं-तुटकं काय असेल ते उचलायचं आणि "रोगराई, खोकला घेऊन जाय गे मारबत!" म्हणत शिवेबाहेर टाकून यायचं. मागं वळून बघायचं नाही. काय टाकलं ते दिवसभर बोलायचं नाही, आणि टाकलेलं परत आणायचं नाही, नाहीतर गेलेली पीडा सोबत येते. कॅम्पाला शीव कुठली? पण बायकांनी पलीकडच्या नाल्याला शीव मानलं होतं.

भय्याजींनी मास्तरांना एवढं समजावलं. मास्तर डोकं धरून खाली बसले. "अख्ख्या भिलाईत लपवायला मला तीच टोपली सापडली!"

"अन् वाकून पाहिलं नाही, बाई?" चंपत म्हणाला. "गोणपाट जड नाही लागला?"

"पाहू नये त्याच्यात," गयाबाई पदराआडून म्हणाली. एवढंच.

६

आम्ही नाल्यावर गेलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. पलीकडच्या काठावर खराट्यांचा आणि चिंध्यांचा ढीग. पाणी ढिगाच्या पायाशी. वरच उसवलेली टोपली आणि तिच्यात गोणपाटाचा पुडका. लाखेचे शिक्के ह्या काठावरूनही लाल दिसत होते.

तेजरामनं नाला ओलांडला आणि पुडक्याला हात घातला.

"उचलू नको!" गयाबाई पाण्यात उतरली. पोरगी कडेवरच. "तेजराम, बाप्पा, उचलू नको. रमाचा खोकला त्याच्यात गेला. आज दुपारी निजली पोरगी, किती दिसानं निजली. परत नको आणू."

"अन् माहं काय?" तेजराम ओरडला. "साहेबाले काय दाखवू? नाला? उद्या माहं नाव कटते, मावशी!"

"उठा ले यार," चंपत म्हणाला. "कुछ नहीं होता."

"तू उचल मंग!"

चंपत जागचा हलला नाही. मीही हललो नाही. खरं सांगायचं तर भय्याजीही हलले नाहीत.

रमा खोकली. बारीकच खोकली, पण सगळ्यांनी ऐकलं.

तेजराम हात तसाच पुडक्यावर ठेवून उभा राहिला. मग त्यानं हात काढला. त्याचा चेहरा रागानं सुजल्यासारखा झाला होता. "मास्तर, साहेबाले इथं आणा."

"साहेब? या चिखलात?"

"नाही आले त नाही आले. मी नाही आणत हे ह्या काठाले."

मास्तर सायकलवर गेले. ते दिसेनासे झाले आणि पाऊस आला. नाला चढू लागला. पुडका वाहून गेला असता तर सगळंच गेलं असतं, पुरावा आणि नोकरी. नलू घरून धावत येताना एक पत्रा घेऊन आली. तेजरामनं तो डोक्यावर धरला आणि टोपलीवर वाकून उभा राहिला. टोपलीला त्यानं हात लावला नाही. पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. त्यानं पायानं माती सारून टोपलीभोवती बांध घातला. आम्ही ह्या काठावरून सांगत होतो, "डावीकडं! डावीकडं!" आणि तो तिकडून आम्हाला शिव्या देत होता.

साहेब जीपमधून आले तेव्हा दिवस बुडायला थोडाच वेळ होता. ते परप्रांतातले, त्यांना मराठी येत नव्हतं. पॅन्ट दुमडून, कपाळाला आठ्या घालून ते पाण्यात उतरले. पुडका त्यांनी स्वतः तपासला. कडा भिजल्या होत्या, पण एकही शिक्का तुटला नव्हता.

"यहाँ कौन लाया इसे?"

गयाबाई चंपतच्या मागं सरकली.

"मारबत लायी, साहेब," भय्याजी म्हणाले.

"कौन मारबत? किस गँग का आदमी है?"

"बाहर की है, साहेब," मास्तर घाईनं म्हणाले. "चली गयी."

साहेबांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. त्यांना काही कळलं नाही, किंवा कळूनही विचारायचा कंटाळा आला. पेपर भिजले, आता तोंडीच घेईन, असं म्हणून त्यांनी पुडका तिथंच पाण्यात सोडून दिला आणि जीपकडे गेले.

७

दुसऱ्या दिवशी तेजराम साहेबांच्या खोलीत गेला आणि पान खाऊन व्हावं इतक्या वेळात बाहेर आला. आम्ही सगळे धावलो.

"काय विचारलं?"

"पाटी वाचायले लावली. डेंजर, कीप अवे."

"मंग?"

"हातानं इशारे दाखव म्हणे. वर, खाली, थांब. दाखवले."

"अन् हॅड?"

"नाही विचारला!" तेजरामनं डोक्यावरचं फडकं जमिनीवर आपटलं. "चार महिने घोकला, बायकोसंग धड बोललो नाही, चोर झालो, नाल्यात उभा राहिलो, अन् एक बी हॅड नाही विचारला लेकाच्यानं! म्या म्हटलं, साहेब, एक विचारा नं. त म्हणे, नेक्स्ट!"

मास्तर बाजूला उभे होते. ते कधी नव्हे ते खूप हसले.

तेजराम पास झाला. दसऱ्याला तो क्रेनवर चढला, पक्का झाला, आणि कारखान्याच्या दवाखान्यात जायचं कार्ड त्याला मिळालं. रमाचा खोकला त्या पोळ्यानंतर थोडे दिवस दबला होता, मग परत उसळला. कार्ड त्याच्या घरच्यांपुरतंच होतं, तरी तेजरामनं भांडून-तंडून तिला आत नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, हिला पावसाळ्यातच आणायला पाहिजे होतं.

गयाबाईनं तेजरामला कधी बोल लावला नाही. पेपर तर त्यानं ह्या काठाला आणलेच नव्हते.

रमा दिवाळीनंतर, १९६१ च्या नोव्हेंबर महिन्यात वारली. तिला सहावं वर्ष लागलं होतं.